चालकाविना मोटार आणि रस्त्यावरचा माणूस

(संस्थेच्या व्याख्यानमालेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



संस्थेच्या कार्यकर्त्यांनी या वर्षी कृत्रिम बुद्धिमत्तेवर बोला असे सांगितले, तेव्हा आम्हांला थोडे नवल वाटले. या व्यासपीठावरून आजवर शिक्षण, शिष्यवृत्त्या, व्यसनमुक्ती, घरकुल अशा विषयांवर बोलले गेले. माणसाशिवाय धावणाऱ्या मोटारीशी आपला काय संबंध, असे समोर बसलेल्यांपैकी अनेकांना वाटत असेल. आमच्या मते संबंध आहे आणि तो दोन बाजूंनी आहे. आपल्या वस्त्यांमधील कितीतरी घरांची चूल स्टिअरिंगवर पेटते. कोणी रिक्षा चालवितो, कोणी टेम्पो, कोणी शाळेची बस, कोणी एस.टी.त आहे, तर कोणी साहेबाची गाडी चालवितो. ही झाली एक बाजू. दुसरी अशी की, आपल्यापैकी बहुतेकजण रस्त्यावर मोटारीच्या आत नसतात. ते मोटारीच्या समोर असतात. पायी असतात, सायकलवर असतात, हातगाडी ढकलीत असतात. म्हणून मोटार कोण चालविणार, हा प्रश्न ज्यांच्याजवळ मोटार आहे त्यांनी आपसांत बसून सोडवावा असा नाही.

चालकाविना मोटार ही कल्पना कालची नाही. जर्मनीत म्युनिक येथे प्राध्यापक अर्न्स्ट डिकमान्स यांनी १९८० च्या दशकातच कॅमेरे आणि संगणक बसविलेली व्हॅन रस्त्यावर चालवून दाखविली होती. १९९५ मध्ये त्यांच्या चमूची मोटार म्युनिकहून डेन्मार्कमधील ओडेन्सपर्यंत जाऊन आली आणि त्या प्रवासाचा बराच मोठा भाग यंत्रानेच पार पाडला. त्याच वर्षी अमेरिकेतील कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या लोकांनी पिट्सबर्गहून सॅन डिएगोपर्यंत गाडी नेली. स्टिअरिंग जवळजवळ सर्व वेळ संगणकाच्या ताब्यात होते, ब्रेक मात्र माणसाच्या पायाखाली होता. पुढे २००४ साली अमेरिकेच्या संरक्षण खात्याच्या डार्पा या संशोधन संस्थेने मोजावे वाळवंटात बिनचालक गाड्यांची शर्यत ठेवली. अंतर सुमारे २४० किलोमीटर. एकही गाडी पोहोचली नाही; सर्वांत पुढे गेलेली गाडीसुद्धा बारा किलोमीटरच्या आतच अडकून बसली. आणि पुढच्याच वर्षी पाच गाड्यांनी तेवढीच अवघड शर्यत पूर्ण केली, त्यांत स्टॅनफर्ड विद्यापीठाची गाडी पहिली आली. एका वर्षात एवढी झेप पाहून लोक हर्षभरित झाले, आणि ते साहजिकच होते. पण मित्रहो, वाळवंटात रस्ता ओलांडणारे कोणी नव्हते.

ही मोटार पाहते कशी, हे थोडक्यात सांगतो. तिला कॅमेरे असतात, रडार असते आणि बहुतेक गाड्यांत लिडार नावाचे उपकरण असते. लिडार प्रकाशाचे किरण फेकते आणि ते परत येण्यास किती वेळ लागला त्यावरून समोरच्या वस्तूचे अंतर मोजते. शिवाय बहुतेक कंपन्या त्या गावाचा अतिशय बारीक नकाशा गाडीत आधीच भरून ठेवतात. एवढी सामग्री आली की संगणकाला दोन गोष्टी ठरवाव्या लागतात. समोर दिसते ते काय आहे, आणि पुढच्या काही सेकंदांत ते कोठे जाईल? समोरचे ओळखण्याची ही विद्या त्याला लाखो छायाचित्रे दाखवून शिकविलेली असते. प्रत्येक छायाचित्रात कोणीतरी माणसाने बसून चौकटी आखलेल्या असतात: ही मोटार, हा खांब, हा पादचारी. हे चौकटी आखण्याचे काम मोठ्या प्रमाणावर आपल्या देशात, केनियात, फिलिपाइन्समध्ये कमी पगारावर होते. ज्या गाडीला आपण बिनमाणसाची म्हणतो तिच्यामागे अशी हजारो माणसे आहेत. ती जाहिरातीत दिसत नाहीत, इतकेच.

दिसणे निराळे आणि समजणे निराळे. आपल्याकडे गळिताच्या हंगामात रात्री निघालात तर पुढे अंधारात काहीही दिसत नाही, पण डांबरावर उसाचे वाढे सांडलेले असते. जाणता चालक तेवढ्यावरून ओळखतो की पुढे कोठेतरी बिनदिव्याची ट्रॉली चालली आहे, आणि त्याचा पाय आपोआप ब्रेककडे जातो. गल्लीतून चेंडू घरंगळत आला तर त्याच्या मागे पोर येणार, हे त्याला कोणी शिकविलेले नसते. समोरच्या ट्रकने डिपर दिला, तर तो “तू थांब” म्हणतो आहे की “तू ये” म्हणतो आहे, हे तो जागा आणि वेळ पाहून ठरवितो. म्हातारी बाई रस्त्याच्या कडेला उभी असेल, तर ती ओलांडणार की नुसतीच एस.टी.ची वाट पाहते आहे, हे तिच्या मानेच्या वळण्यावरून त्याला कळते. यातील एकही गोष्ट परवान्याच्या परीक्षेत विचारीत नाहीत. यंत्राला मात्र प्रत्येक गोष्ट कोणीतरी दाखवावी लागते, किंवा पुष्कळ उदाहरणांतून ती त्याच्या हाती लागावी लागते. जे उदाहरण आलेच नाही ते प्रत्यक्ष समोर उभे राहिले म्हणजे काय होते?

ते एकदा अमेरिकेत झाले आणि त्याची अधिकृत चौकशीही झाली. आजच्या भाषणात आम्ही तेवढ्याच एका घटनेवर सविस्तर बोलणार आहोत, कारण सर्व प्रश्न तिच्यात एकत्र आले आहेत.

१८ मार्च २०१८. अॅरिझोना राज्यातील टेंपी शहर. रात्रीचे दहा वाजत आले होते. ४९ वर्षांची एक स्त्री सायकल हाताने ढकलीत एक रुंद रस्ता ओलांडीत होती. सायकलला पिशव्या अडकविलेल्या होत्या. तिला डोक्यावर कायमचे छप्पर नव्हते. ती ओलांडीत होती तेथे पादचारी पट्टा नव्हता. तो शंभर-सव्वाशे मीटर दूर होता. रस्त्याच्या मधल्या दुभाजकावर मात्र विटांची सुबक पायवाट बांधलेली होती आणि तेथेच, येथून ओलांडू नका, अशी पाटी होती. पायवाट बांधायची आणि पाटी लावायची, हा शहाणपणा आपल्याच नगरपालिकांना येतो असे आम्ही समजत होतो. अपघातानंतर ती पायवाट काढून टाकण्यात आली.

त्या रस्त्याने उबर कंपनीची व्होल्वो गाडी येत होती. गाडी यंत्र चालवीत होते. चालकाच्या जागी कंपनीची एक कर्मचारी स्त्री देखरेखीसाठी बसली होती. गाडीने त्या पादचारी स्त्रीला धडक दिली आणि ती मरण पावली. चालकाविना चालणाऱ्या मोटारीखाली पादचारी दगावल्याची ही पहिली नोंद.

अमेरिकेच्या राष्ट्रीय परिवहन सुरक्षा मंडळाने याची चौकशी केली आणि नोव्हेंबर २०१९ मध्ये निष्कर्ष मांडले. ते वाचताना आम्ही मध्येच थांबलो आणि तेच पान पुन्हा वाचले. यंत्राला ती स्त्री दिसली नव्हती असे नाही. धडकेच्या ५.६ सेकंद आधीच ती त्याच्या रडारवर आली होती. तेवढ्या वेळात सामान्य चालकसुद्धा गाडी आरामात थांबवितो. यंत्राने आधी ठरविले की हे एक वाहन आहे. मग ठरविले, ही इतर कोणती तरी वस्तू आहे. मग पुन्हा वाहन, मग सायकल, मग पुन्हा इतर वस्तू. आणि प्रत्येक वेळी नाव बदलले की ती वस्तू आतापर्यंत कोणत्या दिशेने सरकत होती याचा आधीचा हिशेब ते टाकून देई. त्यामुळे ती सावकाश, सरळ त्याच्या वाटेत येते आहे, ही साधी गोष्ट त्याच्या ध्यानी आली नाही. आणि पादचारी हे नाव त्याने तिला एकदाही दिले नाही. कारण पट्टा सोडून माणूस रस्ता ओलांडू शकतो, ही शक्यताच त्या यंत्रणेच्या आखणीत धरलेली नव्हती.

बंधूंनो, हे वाक्य आम्ही मुद्दाम पुन्हा सांगतो. माणूस पट्ट्यावर असेल तर तो माणूस. पट्ट्याबाहेर असेल तर यंत्राच्या लेखी त्याला जागा नाही. नोंदीच्या खान्यात बसला नाही म्हणून माणूस हिशेबातच न धरण्याचा प्रकार आपल्याला नवा आहे काय?

पुढचा तपशीलही ऐकण्यासारखा आहे. धडकेला १.२ सेकंद उरले असताना यंत्राला धोका कळला. पण कंपनीने त्यात एक सोय करून ठेवली होती. यंत्र उगाच दचकून वारंवार ब्रेक मारीत असे आणि आत बसलेल्यांना हिसके बसत. म्हणून धोका वाटल्यावर पूर्ण एक सेकंद काहीही न करता थांबायचे, असे त्याला सांगितलेले होते. तो सेकंद संपला तेव्हा धडकेला ०.२ सेकंद उरले होते. व्होल्वो कंपनीने त्या गाडीत स्वतःची आपोआप ब्रेक लावणारी यंत्रणा दिलेली होती. उबरचे यंत्र गाडी चालवीत असताना ती बंद राहील अशी व्यवस्था केलेली होती. आधी अशा चाचण्यांच्या वेळी गाडीत दोन माणसे बसत. अपघाताच्या काही महिने आधी कंपनीने एक माणूस कमी केला.

उरलेली ती एक कर्मचारी बाई काय करीत होती? ती भ्रमणध्वनीवर करमणुकीचा कार्यक्रम पाहत होती, असे तपासात निघाले. त्याचे समर्थन होऊ शकत नाही. मृत स्त्रीच्या शरीरात मादक द्रव्याचा अंश आढळला, हेही अहवालात आहे. तेही आम्ही लपवीत नाही. पण कारखान्यात ज्यांनी रात्रपाळी केली आहे त्यांना विचारा. नव्याण्णव वेळा आपोआप नीट चालणाऱ्या यंत्रासमोर, हाताला काही काम नसताना, शंभराव्या वेळेसाठी तासन्तास टक लावून बसणे हे माणसाच्या स्वभावात बसत नाही. ही गोष्ट विमानोड्डाणाच्या क्षेत्रात पूर्वीपासून ठाऊक आहे. मंडळानेही केवळ त्या बाईवर बोट ठेवले नाही. तिचे लक्ष नव्हते हे अपघाताचे निकटचे कारण आहे, असे सांगून कंपनीची सुरक्षिततेविषयीची अनास्था आणि राज्य सरकारची अपुरी देखरेख यांनाही त्यांनी जबाबदार धरले. अॅरिझोनाच्या राज्यपालांनी, आमच्याकडे या, येथे नियमांचा जाच नाही, अशा थाटात २०१६ साली या गाड्यांचे स्वागत केले होते.

मग शिक्षा कोणाला झाली? मार्च २०१९ मध्ये सरकारी वकिलांनी कळविले की कंपनीवर फौजदारी गुन्हा ठेवता येत नाही. २०२० मध्ये त्या कर्मचारी स्त्रीवर निष्काळजीपणाने मृत्यूस कारण झाल्याचा आरोप ठेवण्यात आला, आणि जुलै २०२३ मध्ये तिने सौम्य केलेला गुन्हा कबूल केल्यावर तिला तीन वर्षे देखरेखीखाली राहण्याची शिक्षा झाली. ज्यांनी तो एक सेकंद थांबण्याचा नियम घातला, ज्यांनी दुसरा माणूस कमी केला, ज्यांनी पट्ट्याबाहेरचा माणूस हिशेबात धरला नाही, त्यांच्यापैकी कोणीही आरोपीच्या पिंजऱ्यात उभा राहिला नाही. उबरने २०२० च्या अखेरीस तो विभागच विकून टाकला.

माणूस चालवीत होता तेव्हा उत्तर सोपे होते: परवाना कोणाच्या नावे, गाडी कोणाच्या नावे, विमा कोठला. आता मात्र गाडी बनविणारा निराळा, यंत्राची बुद्धी लिहिणारा निराळा, चौकट आखणारा तिसऱ्याच देशात. एवढ्या हातांतून फिरल्यावर जबाबदारी शेवटी ज्याच्या हाती उरते तो बहुधा सर्वांत कमी पगाराचा माणूस असतो. सफाईच्या कामात गटारात माणूस गुदमरून मरतो तेव्हा मुकादमावर गुन्हा नोंदविला जातो आणि कंत्राट देणारे कार्यालय नामानिराळे राहते. यापेक्षा हे फारसे वेगळे नाही.

कोणी म्हणेल, हे २०१८ चे झाले, आता यंत्र सुधारले असेल. सुधारले आहे, आणि ते मान्य केले पाहिजे. वेमो नावाच्या कंपनीच्या पुढे कोणीही न बसलेल्या गाड्या फिनिक्स परिसरात २०२० पासून सर्वसामान्य प्रवाशांना नेत आहेत आणि पुढे सॅन फ्रान्सिस्को, लॉस एंजेलिस अशा शहरांतही सुरू झाल्या. कंपनीने प्रसिद्ध केलेल्या अभ्यासांप्रमाणे त्यांच्या हातून दुखापतीचे अपघात मानवी चालकांपेक्षा बरेच कमी होतात. यंत्र दारू पीत नाही, त्याला डुलकी लागत नाही. सोळा तास ट्रक चालविणाऱ्याच्या बायकोला विचारा, या एका गोष्टीचे मोल ती सांगेल. पण त्याच सॅन फ्रान्सिस्कोमध्ये २ ऑक्टोबर २०२३ रोजी दुसऱ्या एका मोटारीने उडविलेली स्त्री क्रूझ कंपनीच्या बिनचालक गाडीसमोर येऊन पडली. गाडीने ब्रेक लावला, तिला धडक बसली, गाडी थांबलीही. आणि मग, आपल्याला बाजूने धक्का लागला आहे अशी समजूत करून घेऊन, नियमाप्रमाणे कडेला उभे राहण्यासाठी ती पुन्हा निघाली. ती स्त्री गाडीखाली होती. सुमारे वीस फूट ती फरफटत गेली. सुदैवाने वाचली. कोणताही माणूस, मग तो कितीही बेफिकीर असो, खाली उतरून पाहतो. कॅलिफोर्निया राज्याने त्याच महिन्यात त्या कंपनीचा परवाना स्थगित केला. फरफटत नेल्याचा भाग कंपनीने आधी नीट सांगितला नाही, हाही ठपका होता. डिसेंबर २०२४ मध्ये मालक असलेल्या जनरल मोटर्सने तो टॅक्सीचा उद्योगच आटोपता घेतला.

यंत्र माणसापेक्षा सुरक्षित आहे हे सिद्ध करणेही वाटते तेवढे सोपे नाही. अमेरिकेतील रँड या संस्थेने २०१६ मध्ये हिशेब मांडला होता. तेथे माणसाच्या हातून सरासरीने दहा कोटी मैलांमागे एखादा मृत्यू होतो. यंत्र निदान तेवढे तरी चांगले आहे हे खात्रीने म्हणायचे तर त्याला २७ कोटी ५० लाख मैल एकही मृत्यू न होता धावून दाखवावे लागेल. शंभर गाड्या अहोरात्र पळविल्या तरी साडेबारा वर्षे लागतील. आणि ती सगळी धाव कोठली? ज्या गावात चाचणी झाली त्या गावची. फिनिक्सच्या रुंद, कोरड्या, आखीव रस्त्यांवर मिळविलेले प्रमाणपत्र घेऊन कोणी आपल्या बाजारपेठेत शिरला, तर ते प्रमाणपत्र भाजीवाल्याच्या हातगाडीला कसे लागू होणार?

आपल्याकडील विद्वानांनी या प्रश्नाला हात घातला आहे, हे येथे अभिमानाने सांगावेसे वाटते. यंत्राला रस्ता शिकविण्यासाठी जगभर वापरला गेलेला चित्रसंग्रह प्रामुख्याने जर्मनीतील शहरांचा होता. सिटीस्केप्स त्याचे नाव. त्यात रस्ता म्हणजे रस्ता आणि पदपथ म्हणजे पदपथ. हैदराबादच्या आंतरराष्ट्रीय माहिती तंत्रज्ञान संस्थेतील संशोधकांनी २०१८ च्या सुमारास हैदराबाद आणि बंगळूर येथील रस्त्यांवरून दहा हजार चित्रे गोळा केली. त्यांना नवे खाने पाडावे लागले. ऑटोरिक्षाला स्वतंत्र खाना. जनावरांना खाना. आणि डांबराच्या कडेची जी माती रस्ता नव्हे पण जिच्यावरून सर्व वाहने जातात, तिलाही खाना. तेव्हा कोठे यंत्राला आपला रस्ता दिसू लागला. भोपाळमध्ये एका लहान कंपनीने बोलेरो गाडीवर असे प्रयोग चालविले आहेत. पण ज्याचे चित्र घेतले गेले त्यालाच यंत्र ओळखते, हा मूळ मुद्दा कायम राहतो. लंडनच्या किंग्ज कॉलेजमधील संशोधकांनी पादचारी ओळखणाऱ्या आठ प्रणाली २०२३ मध्ये तपासून पाहिल्या. मोठ्या माणसांच्या मानाने लहान मुले ओळखण्यात त्या सुमारे वीस टक्क्यांनी कमी पडल्या. त्या प्रणाली कोणत्या गाडीत बसविलेल्या होत्या असे नव्हे, सर्वांना खुल्या असलेल्या होत्या. तरीही शाळेत जाणाऱ्या मुलांच्या आईबापांनी हा आकडा ध्यानात ठेवावा.

आणखी एक गोष्ट विद्वानांत फार चर्चिली गेली. ब्रेक निकामी झाला, गाडी थांबणार नाही, एका बाजूला एक माणूस आणि दुसऱ्या बाजूला दुसरा, तर यंत्राने कोणाला वाचवावे? अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या लोकांनी हा प्रश्न संगणकावर मांडला आणि जगभरातून जवळजवळ चार कोटी निवाडे गोळा केले. २०१८ मध्ये ते प्रसिद्ध झाले. बहुतेक ठिकाणी लोकांनी म्हाताऱ्यापेक्षा लहानाला, थोड्यांपेक्षा पुष्कळांना वाचविले, हे समजण्यासारखे आहे. पण बेघर माणसापेक्षा साहेबी पोशाखातल्याला वाचविण्याकडेही कल दिसला. आणि ज्या देशांत आर्थिक विषमता अधिक, तेथे हा कल अधिक. म्हणजे बहुमताने यंत्राला नीती शिकवायची ठरविली, तर समाजात असलेली उतरंड थेट ब्रेकच्या पायटीवर येऊन बसेल.

खरे म्हणजे रस्त्यावर असा निवडीचा प्रसंग क्वचितच येतो. बहुतेक अपघात टेंपीसारखे असतात, न पाहिल्याने होणारे. पण नियम आधी लिहून ठेवायचा असल्याने तो काय लिहिला जातो याला महत्त्व आहे. जर्मनीने यासाठी न्यायशास्त्रज्ञ उदो दि फाबिओ यांच्या अध्यक्षतेखाली एक नैतिक आयोग नेमला. त्याने जून २०१७ मध्ये वीस नियम सांगितले. अपघात टळणारच नसेल तर वय, लिंग, शरीराची वा मनाची स्थिती यांवरून माणसामाणसांत भेद करण्यास सक्त मनाई, असे त्यांत स्वच्छ लिहिले आहे. सर्वसामान्यांचा कौल घेऊन हा नियम आला नसता. तो घटनेच्या मूल्यांतून आला. आपल्याकडे अशा गाड्यांसाठी जेव्हा केव्हा नियम होतील, तेव्हा त्यांत हे वाक्य असावे आणि त्यात जात, धर्म, पेहराव, घर असणे-नसणे हे शब्द वाढविलेले असावेत, अशी मागणी या संस्थेने आतापासूनच करण्यास हरकत नाही.

राहिला पोटापाण्याचा प्रश्न. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्री नितीन गडकरी यांनी २०१७ मध्ये आणि पुन्हा डिसेंबर २०२३ मध्ये आपल्या नागपुरातच सांगितले की चालकांच्या नोकऱ्या जातील म्हणून अशा गाड्या भारतात येऊ देणार नाही. हे ऐकून टाळ्या पडल्या असतील तर ते स्वाभाविक आहे. मात्र आम्हांला एवढ्याने स्वस्थता वाटत नाही. यंत्र एकदम पुढच्या दाराने येत नाही. आपोआप ब्रेक लावणारी, गाडी ओळीत ठेवणारी, पुढच्या वाहनापासून अंतर राखणारी साधने आपल्याकडील महागड्या गाड्यांत विकली जाऊ लागली आहेत. एकेक काम यंत्राकडे जाते आणि चालकाच्या कौशल्याचा भाव त्या मानाने उतरतो. नोकरी राहते, पगार घसरतो. बंदी घालण्याच्या भाषणात याचे उत्तर नाही.

यंत्राला शत्रू मानण्याची परंपरा आपली नाही. बाबासाहेबांनी १९४५ च्या आपल्या ग्रंथात चरख्याच्या अर्थशास्त्राचा समाचार घेताना हाच मुद्दा मांडला होता. यंत्रामुळे माणसाला उसंत मिळते आणि उसंतीशिवाय सुसंस्कृत जीवन नाही; दोष यंत्राचा नाही, यंत्राचा लाभ थोड्यांच्या हाती ठेवणाऱ्या समाजरचनेचा आहे, असा त्यांचा आशय होता. म्हणून चालकाविना मोटार येऊ नये असे आम्ही म्हणणार नाही. जगात २०२१ साली रस्त्यांवर सुमारे ११ लाख ९० हजार माणसे मेली, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. भारतात २०२२ मध्ये १,६८,४९१ मेली. हे थांबविणारे काहीही आले तर त्याचे स्वागत आहे. पण या भारतीय आकड्यात डोकावून पाहा. त्यांपैकी जवळजवळ ४५ टक्के दुचाकीवर होते आणि १९.५ टक्के पायी चालत होते. ३२,८२५ पादचारी, एका वर्षात. म्हणजे जे मेले त्यांच्यातील बहुतेकांच्या आयुष्यात मोटार ही बाहेरून येणारी वस्तू आहे. कोट्यवधी रुपयांची बुद्धी मोटारीत बसविण्यापूर्वी पदपथ, रस्त्यावर दिवा, शाळेपुढे गतिरोधक, ट्रॉलीला लाल परावर्तक या चार-आठ आण्यांच्या बुद्धीने यांपैकी कितीजण वाचतील, असा साधा प्रश्न विचारणे म्हणजे विज्ञानाला विरोध करणे नव्हे. टेंपीच्या त्या रस्त्यावरही पट्टा पायवाटेच्या तोंडाशी असता, तर ती स्त्री यंत्राच्या हिशेबात माणूस ठरली असती.

आपल्यातील ज्या तरुणांनी जड वाहनाचा परवाना काढावा की काढू नये असे चिठ्ठीवर लिहून विचारले आहे, त्यांना आमचे उत्तर आहे की काढावा. पुढील बरीच वर्षे या देशाचा माल माणसेच वाहणार आहेत. पण त्याबरोबर वाहनातील विद्युत आणि संगणकाचा भाग दुरुस्त करण्याचे शिक्षण आय.टी.आय.त मिळत असेल तर तेही घ्यावे. कारण लिडारच्या काचेवर चिखल उडाला तर तो पुसायलाही, आणि का दिसत नाही हे शोधायलाही, माणूसच लागतो. चालकांच्या संघटनेबद्दल तीन चिठ्ठ्या आहेत, विम्याबद्दल एक आहे. अध्यक्ष महोदयांनी वेळ दिला तर त्या आता क्रमाने घेऊ.